आजीचा पगार

रविवार, रात्र

कूलरमध्ये पाणी टाकून झालं, मुलं झोपली. मार्क्सचा साथीदार फ्रेडरिक एंगल्स, त्याचं कुटुंबावरचं १८८४ सालचं पुस्तक आज एकदाचं संपवलं. मालमत्ता साठली, ती आपल्याच रक्ताच्या पोराकडे जावी म्हणून बाईवर पहारा बसला, ही त्याची मांडणी पटतेच. २००५ पासून हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क आहे, तरी आमच्या नात्यातल्या बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतातच. 'भावासंग कायले वाकडं घ्याचं?'

पण पुढे तो म्हणतो, कामगाराकडे मालमत्ताच नाही, तेव्हा त्याच्या घरात नवऱ्याच्या वर्चस्वाला पाया उरत नाही. फार तर मारझोडीची जुनी खोड उरते. तिथे मी पेन्सिलीने मोठ्ठं प्रश्नचिन्ह काढलं.

आजोबा इथे नागपुरातच एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी सुरू केलेली गिरणी. आता तिकडे मॉल आहे. आजोबांची खोली भाड्याची, मालकीची म्हणावी तर एक ट्रंक. तरी आजी सगळ्यांच्या मागून जेवायची, उरलं तर. भोंग्याच्या आधी उठून भाकरी, डबा. संध्याकाळी कापसाच्या तुसाने भरलेले कपडे धुणं. वर पाच पोरं वाढवली, त्यातला मोठा पुन्हा मिलमध्येच लागला. म्हणजे गिरणीला उद्याचा कामगारही आजीनेच पुरवला. मार्क्स 'भांडवल'मध्ये लिहितो की, कामगारवर्ग जगवायचं, वाढवायचं काम भांडवलदार खुशाल कामगाराच्या जगण्याच्या नि वंश वाढवण्याच्या प्रेरणेवर सोडून देतो. बरं. ती प्रेरणा आमच्या घरी नऊवारी नेसून चूल पेटवत होती. आजोबांना शेवटी प्रॉव्हिडंट फंड मिळाला. आजीच्या नावाने कुठल्याच खात्यात काही निघालं नाही.

मारियारोझा दल्ला कोस्टा आणि सेल्मा जेम्स या स्त्रीवादी लेखिकांनी १९७२ मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं: पगार एकाचा, राबतात दोघं.

आणि एक गोष्ट एंगल्सकडे नाहीच, ती बाबासाहेबांच्या १९१६ च्या निबंधात आहे. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, बाईवर बंधनं घालून. ज्याच्याकडे फुटकी कवडी नाही, त्याच्याही घरात जपायला जात असते. नागपुरात राहून हे वगळून कुटुंबावर बोलणं म्हणजे निम्मंच बोलणं.

'घरकामाला पगार द्या' ही दल्ला कोस्टा-जेम्स यांची मागणी मात्र मला पुरती पटत नाही. पगार सुरू झाला की ते काम कायमचं बाईच्याच गळ्यात पडेल, अशी धास्ती वाटते. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांचे ९७. माझी मिनिटं कमी आहेत, कारण पोळ्या करायला ताई येतात. मी मिहान औद्योगिक वसाहतीत कामावर वेळेत पोचते ती त्यांच्यामुळे. त्या इकडे असतात तेव्हा त्यांच्या घरच्या पोळ्या त्यांची बारावीतली मुलगी लाटते. तिला कोण देतं?