सर्व दिवस

गोव्यात चोडण बेटावरून मांडवी ओलांडून रायबंदरला येणाऱ्या फेरीबोटीत हा प्रश्न मला कितीदा ऐकावा लागला, मोजलेलं नाही. विचारणाऱ्या बहुतेक घरी मराठी बोलणाऱ्या, सावंतवाडी-बांद्याकडून लग्न होऊन इथं आलेल्या. माझ्या गळ्यात क्रूस आणि बोलणं अस्सल नगरचं, त्यामुळे कुतूहल वाटतंच. "देव सतत सोबत असतो म्हणता, मग तुम्हाला तो रोज जाणवतो का हो?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रोज जाणवत नाही. महिनोन् महिने जाणवत नाही.

माहेर माझं प्रॉटेस्टंट. पेटी-तबल्यावर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणत वाढले. सासर चोडणचं, कॅथलिक. वळणावळणावर खुरीस म्हणजे क्रूस, त्यापुढे मेणबत्त्या, संध्याकाळी घरात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. सुरुवातीला मी नाक मुरडायची, खोटं कशाला बोलू? पण इथल्या कोंकणीनं मला हळूहळू वळवलं. इथं आभार मानायचे तर 'देव बरें करूं' म्हणतात. पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, पैसे देताना सासूबाई हेच म्हणायच्या, कंडक्टरनं सुटे परत दिले तरी हेच. आणि प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही 'रोजची भाकर' मागतो तिथं त्या 'दिसपट्टो गिरास' मागायच्या. एका दिवसाचा घास. बायबलमध्ये रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवानं आकाशातून दिलेलं अन्न, मिळायचा तोही त्या त्या दिवसापुरताच. उद्यासाठी दडवून ठेवला की किडे पडायचे. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. सायकलचा भोंगा वाजवत पोदेर दारी येतो तेव्हा मला हटकून ते आठवतं. कालचा उंडा, म्हणजे गोल पाव, आज चिवट होतो, हे गोव्यात कुणाला सांगायला नको.

आता खरी गोष्ट. मी एका शाळेच्या कार्यालयात फीची रोकड सांभाळायची. एका जूनमध्ये हिशेबात 8,400 रुपये कमी आले. मला कुणी चोर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं! फक्त मी आत शिरले की बोलणं थांबायचं, आणि कपाटाची किल्ली दुसऱ्या टेबलावर गेली. असं नऊ दिवस चाललं. भर पावसात फेरीच्या कठड्याला टेकून मी मांडवीकडे बघत राहायची. प्रार्थना एकच, पैसे सापडू देत. सापडले नाहीत. शेवटी मी बांगडी गहाण ठेवून भरले. भरले म्हणजे घेतलेच असणार, असाही अर्थ लोकांनी काढला.

त्या नऊ दिवसांत देव जवळ आहे असं एकदाही वाटलं नाही. ना ऊब, ना शांती. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातली हागार तेवढी डोक्यात घोळत होती. मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळालेली गरोदर दासी. झऱ्यापाशी देवदूत तिला विचारतो, कुठून आलीस, कुठं चाललीस? तेव्हा ती देवाला नाव देते, एल-रोई, म्हणजे पाहणारा देव. (देवाला नावं ठेवणाऱ्या पुष्कळ, नाव देणारी ही.) पण तिला परत पाठवलं जातं ते त्याच मालकिणीकडे. लहानपणी रविवारच्या शाळेत हे मला अजिबात पटलं नव्हतं, आजही पुरतं पटत नाही. मीही रोज त्याच टेबलाशी परत जात होते. मी पैसे घेतले नाहीत हे ठाऊक असलेलं कुणीतरी आहे, एवढ्याच आधारावर. नवऱ्याचा विश्वास होता, पण तो माझ्या शब्दावर. पाहिलेला साक्षीदार एकच.

याची दुसरी बाजूही आहे. बायबलमधलं 139 वं स्तोत्र लोक घरात फ्रेम करून लावतात, पण ते नीट वाचलं तर त्यातला माणूस आधी पळायची वाट शोधतोय. तुझ्यापासून जाऊ कुठं, म्हणतोय. परवा पोदेराच्या मोजण्यात चूक होऊन दोन पाव जास्त आले. मी गुपचूप आत घेतले. चहा गाळेपर्यंत त्या पाहणाऱ्यानं मला काही स्वस्थ बसू दिलं नाही. भोंगा वाडीच्या टोकाला पोचला होता, तिथवर गाऊनवर ओढणी टाकून धावले.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी येशू शिष्यांना म्हणतो, मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे. मूळ ग्रीकमध्येही 'सर्व दिवस' असेच शब्द आहेत आणि मराठीनं ते तसेच ठेवले, हे मला फार आवडतं. 'सदासर्वकाळ' म्हटलं की नजर ढगात जाते. दिवस म्हटलं की त्यात मंगळवार येतो, सिलिंडर संपलेला दिवस येतो, किल्ली काढून घेतलेला दिवसही येतो.

हे सगळं मी परवा फेरीत एका वहिनींना सांगितलं. त्या चोडणच्या धक्क्यापासून गप्प राहून ऐकत होत्या. रायबंदर जवळ आलं, लोकांनी स्कूटरी सुरू केल्या, तेव्हा कानाशी येऊन म्हणाल्या, "पण मग पैसे घेतले कुणी?"

"अजून कळलं नाही," म्हटलं, आणि आम्ही दोघी उतरलो.