आमची वाटचाल : मोंढ्यातल्या बोर्डापासून ‘पाव्हणा’पर्यंत

परभणीच्या मोंढ्याजवळ, म्हणजे धान्याच्या बाजाराजवळ, आमचं पेंटरचं दुकान १९९२ ला सुरू झालं, मी आणि मामू. मामू म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत, अख्खा बाजारच त्यांना मामू म्हणतो. त्यांचे वडील निजामाच्या काळात कातिब, उर्दू दस्त लिहायचे. १९४८ ला निजामाचं राज्य गेलं आणि पुढं कचेरीतली उर्दूही गेली, पण घरातली दौत-कलम राहिली, आणि त्याच कलमेवर मामूंनी देवनागरी बसवली. उर्दूची कलम तिरकी कापतात, आपला बोरूही तिरकाच कापायचा, इंग्रजी निबाच्या उलट्या अंगाला. त्यामुळं जाड कुठं आणि बारीक कुठं हे मामूंना कधी सांगावं लागलं नाही.

सुरवातीची दहा-बारा वर्षं चांगली गेली. दुकानाचे बोर्ड, ट्रकचे फाळके, भिंती, निवडणुकीत तर रात्र-रात्र कापडी बॅनर.

मग २००५ च्या सुमारास आमच्याकडं फ्लेक्स आला. आला तो आला, पण मशीन कुणी आणलं तर आमच्याच दुकानात सहा वर्षं ब्रश धुतलेल्या पोरानं. निळीत बुडवलेलं सूत ताणून भिंतीवर लाईन कशी मारायची, काठीच्या टोकाला चिंधी गुंडाळून त्यावर हात कसा टेकवायचा, हे सगळं मी त्याला हाताला धरून शिकवलेलं. त्यानं मशीन घेतलं याचा राग नाही, पोट सगळ्यांनाच आहे. राग याचा आहे की मामूंनी लिहिलेल्या बोर्डांचे त्यानं फोटो काढले आणि तीच अक्षरं कॉम्प्युटरवर ओढून फ्लेक्सवर छापली आणि आमच्याच गिऱ्हाइकाला निम्म्याहून कमी पैशात विकली. मी विचारायला गेलो तर चारचौघात म्हणला, अक्षर काय कुणाच्या बापाचं असतंय का. हे वाक्य मी आजपर्यंत विसरलो नाही.

त्या साली दहा महिन्यांचं भाडं थकलं. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. दसऱ्याला ब्रशची पूजा केली तेव्हा दुकानात एकही ऑर्डर नव्हती, मामू नमाजहून आले, पूजा होईपर्यंत बाजूला उभे राहिले आणि नंतर म्हणले, बेटा, मेरा हिस्सा इस साल मत निकालो. पुढच्या सालीही त्यांनी घेतला नाही.

त्या काळात एकच गिऱ्हाईक टिकलं, मोंढ्यातले आडतवाले काका. दर दिवाळीच्या पाडव्याला त्यांच्या आडतीचा बोर्ड नव्यानं रंगवायचा, हे ठरलेलं. बोर्ड चांगला असला तरी रंगवायचा. लोक म्हणायचे काका फ्लेक्स लावा, स्वस्त पडतंय, तर काका म्हणायचे, "त्येचा रंग उन्हानं उडून जातोय. ह्यांनी लिव्हलेलं मपल्या नातवाला दिसंल." पैसे रोख, आणि वर एक पायली ज्वारी. त्या ज्वारीवर आमचं घर चाललंय, हे मी लिहूनच ठेवतो.

मधली वर्षं कशीबशी निघाली, नंबर प्लेटा, मंदिराचे बोर्ड, लग्नाच्या पत्रिकेवरची नावं.

२०२१ ला संभाजीनगरहून तीन पोरं आली. गाण्याचा व्हिडिओ करायले होते. गाणं नवं पण वळण पैठणच्या नाथांच्या भारुडाचं, म्हणजे वरून एक गोष्ट आणि आतून दुसरी. एक पाव्हणा शेतकऱ्याच्या घरी येतो, ओट्यावर बसतो, मग माजघरात, मग दुधावरची साय त्याची, मग बैल त्याचे, शेवटी घरचेच बाहेर. कर्ज हा शब्द गाण्यात एकदाही नाही. नाव ‘पाव्हणा’. टायटल त्यांनी आधी आमच्या त्या फ्लेक्सवाल्याकडून करून घेतलं होतं. तयार फॉन्ट. आणि एडिटिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरात टाकलं की व्ह चं जोडाक्षर तुटून व चा पाय मोडलेला, खालच्या ओळीत पहिली वेलांटी अक्षराच्या मागं पडलेली. ज्यांनी कॉम्प्युटरवर मराठी केलंय त्यांना हे दुखणं माहीत आहे.

मी म्हणलं, फॉन्ट दुरुस्त करून भागणार नाही, अक्षरालाच गोष्ट सांगू द्या. शिरोरेषा म्हणजे घराचं आढं. शेवटच्या णा चा काना म्हणजे पाव्हणा. पहिल्या कडव्याला काना बाहेर, शिरोरेषा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. दुसऱ्याला आत. मग दर कडव्याला काना जाड होत जातो, पाचव्याला त्याच्या वजनानं शिरोरेषाच वाकते आणि प, व्ह सगळे कडेला ढकलले जातात.

अक्षर हलताना दिसायचं तर थोड्या-थोड्या फरकाची चित्रं हातानं काढून एकामागं एक दाखवायची. व्हिडिओ सेकंदाला २४ फ्रेमचा, एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ चित्रं. सहा सेकंदांचं टायटल म्हणजे ७२, पाच वेळा म्हणजे ३६०. जिथं अक्षर नुसतं थरथरायचं तिथं एकच अक्षर तीनदा गिरवून ती तीन चित्रं आलटून पालटून फिरवली, तिथं मेहनत वाचली. फळीला दोन खिळे ठोकले, प्रत्येक कागदाला पंच मशीननं तीच दोन भोकं, खाली काच आणि ट्यूबलाईट. कागद केसभर सरकला तरी पडद्यावर अक्षर उडी मारतं. पहिले चाळीस कागद आम्ही मोबाईलवर फोटो काढून पाठवले, उजेड कमी-जास्त झाला, ते फोटो सगळे फेकावे लागले. नंतर सगळं स्कॅनरवर.

मामूंना तेव्हा नजर कमी झाली होती, पण बोरू त्यांनीच कापून दिले. बाहेर उभा असलेला काना मी सरळ काढला होता. मामूंनी कागद डोळ्याजवळ धरला आणि म्हणले, "बाहर खड़ा मेहमान झुकको रहता बेटा. अंदर आए बाद सीना निकालता." मी ती सगळी चित्रं परत काढली. आख्ख्या व्हिडिओत लोकांना तेवढंच लक्षात राहिलं, वाकलेला काना.

या लाईनमध्ये येणाऱ्या पोरांना सांगतो. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय कागदाला हात लावू नका. टायटलवर कुणाचं नाव येणार ते आधी लिहून घ्या. इनॅमलचा ब्रश रॉकेलात धुतला की केसांना तेल लावून आडवा ठेवा, डब्यात उभा ठेवला की केस वाकले, मग तो ब्रश गेला. आणि मुंबईच्या कमल शेडगेंनी पेपरातल्या नाटकाच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं बघा, नाटक न बघता नाटकाचा स्वभाव कळतो.

गाणं गावोगावच्या कार्यक्रमात वाजलं. एका कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर आमचा तोच काना, तीच वाकलेली शिरोरेषा, आणि खाली कोपऱ्यात त्याच फ्लेक्सवाल्याच्या दुकानाचं नाव. या वेळी मी विचारायला गेलो नाही. ‘पाव्हणा’चे सगळे कागद बाहेर काढले, नंबर लावले, मामूंच्या वडिलांच्या दस्तांच्या पेटीत ठेवले. कुणाला बघायचे असतील तर दुकानात यावं, हात धुऊन.

सध्या एका कीर्तनाच्या व्हिडिओचं टायटल चालू आहे. त्यातला श्र अजून जमला नाही, काल रात्री अकरापर्यंत बसलो होतो. काकांच्या बोर्डाचं काम आता त्यांचा नातू सांगतो, यंदा पाडव्याला पिवळ्यावर लाल करा म्हणालाय.