लॉरा डालमायरची बातमी लावताना

३० जुलै २०२५ची संध्याकाळ. क्रीडा पानावर जागेची मारामारी होती. नागपूरच्या दिव्या देशमुखनं दोनच दिवसांपूर्वी बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला होता आणि दुसऱ्या दिवशी ओव्हलची कसोटी सुरू होणार होती. तशात वृत्तसंस्थेची बातमी आली. बायॅथलॉन म्हणजे स्कीइंग आणि रायफल नेमबाजी यांचा एकत्र खेळ; त्यातली जर्मनीची निवृत्त खेळाडू लॉरा डालमायर काराकोरममधल्या लैला शिखरावर मरण पावल्याचं जाहीर झालं होतं. वय ३१.

वरिष्ठ म्हणाले, "सिंगल कॉलम घे. हा खेळ आपल्याकडे कोणाला ठाऊक आहे?"

मी अडून बसलो. २०१८च्या प्योंगचांग ऑलिंपिकमधल्या तिच्या शर्यती मी पाहिल्या होत्या. साडेसात किलोमीटरची स्प्रिंट. साडेतीन किलोहून जड रायफल पाठीवर घेऊन बर्फात स्कीवर चढ चढायचा, छाती धपापत असतानाच चटईवर आडवं पडायचं आणि पन्नास मीटरवरची पाच लक्ष्यं टिपायची. एकेक जेमतेम ४५ मिलिमीटरचं. पुढच्या फेरीत उभ्यानं पाच, तेव्हा लक्ष्यं जरा मोठी. एक गोळी चुकली की दीडशे मीटरचा जादा फेरा. त्या रात्री वारा होता, हाडं गोठवणारी थंडी होती. लॉराच्या दहापैकी दहा गोळ्या लागल्या. दोन दिवसांनी परस्यूटमध्येही, म्हणजे स्प्रिंटमधल्या वेळेच्या फरकानं एकामागोमाग सुटायच्या पाठलागाच्या शर्यतीतही, सुवर्ण. एकाच ऑलिंपिकमध्ये ही दोन्ही सुवर्णं जिंकणारी ती पहिली महिला. हे सगळं सांगितलं, तेव्हा वरिष्ठांनी कसोटीच्या पूर्वपीठिकेतून काही ओळी काढून मला चौकटीपुरती जागा दिली.

खरी अडचण पुढेच होती. २८ तारखेला साधारण ५,७०० मीटरवर दरड कोसळून तिला लागलं. सोबतीण तिच्यापर्यंत पोहोचू शकली नाही. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरमधून पाहणी झाली, हालचाल दिसली नाही. आणि मग तिच्या व्यवस्थापनाच्या निवेदनातली ती ओळ: असं काही घडलं तर आपला मृतदेह आणण्यासाठी कुणीही जीव धोक्यात घालू नये, अशी तिची लेखी इच्छा होती. मला हे उपमथळ्यात हवं होतं. वरिष्ठांना वाटत होतं, आपल्या वाचकाला हे निष्ठुर वाटेल; घरच्यांनी वाऱ्यावर सोडलं, असा अर्थ निघेल.

सह्याद्रीत बचावकार्याला जाणाऱ्या एका मित्राला फोन लावला. पावसाळ्यात दरीतून मृतदेह वर काढताना दोर धरणाऱ्यांचे हात कसे सोलतात, शेवाळलेल्या कड्यावर डोक्यावरून दगड कसे सुटत राहतात, हे त्यानं सांगितलं. वर घरचे वाट बघत असतात, त्यामुळे पथकाला 'नाही' म्हणवत नाही. "तिनं स्वतःच लिहून ठेवलं, म्हणजे तिला बचाववाल्यांची काळजी होती," तो म्हणाला. लॉरा स्वतः पर्वतीय बचाव पथकात स्वयंसेवक होती, गिर्यारोहणाची प्रमाणित गाईड होती. दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण असतं, ते तिला पक्कं माहीत होतं. माझ्या मते तिच्या साऱ्या पदकांइतकीच ही गोष्ट मोठी आहे. बचाव पथकातल्या कामाचा उल्लेख त्या ओळीला लागूनच घेतला आणि वरिष्ठांनी उपमथळा मंजूर केला. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान तोवर छपाईला सुटलं होतं, तिथं सिंगल कॉलमच गेला. शहर आवृत्तीत चौकट लागली.

पण होखफिल्झेनचा परिच्छेद जागेअभावी कापला गेला, तो इथे लिहून ठेवतो. फेब्रुवारी २०१७मध्ये ऑस्ट्रियातल्या होखफिल्झेनच्या जागतिक स्पर्धेत, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ती सहा शर्यतींत उतरली आणि पाच सुवर्णं, एक रौप्य घेऊन परतली. त्याच मोसमात तिनं विश्वचषक मालिकेचं सर्वंकष विजेतेपदही जिंकलं. मे २०१९मध्ये, पंचविशीतच, या खेळासाठी लागणारी पूर्वीची ओढ आता वाटत नाही, असं सांगून तिनं स्पर्धा सोडली आणि ती डोंगरांकडे वळली.