मामा, जरा बाजूला होता का?

एकट्या झाडांचे फोटो काढायचं खूळ मला पुण्यात सहाव्या मजल्यावर एकट्यानं राहायला लागल्यापासून जडलं. दोन वर्षांत सत्तरेक झाडं जमली. प्रत्येकाखाली ‘एकांत’, ‘प्रतीक्षा’ असली कॅप्शनं. आता वाचली की हसू येतं.

हे झाड आधी एकदा एसटीच्या खिडकीतून दिसलं होतं, म्हसवडच्या अलीकडे. उघडा माळ आणि त्यावर छत्रीसारखा पसरलेला एकच हिवर. जुलैतल्या एका शनिवारी पहाटे साडेचारला खास त्याच्यासाठी निघालो. लोणंदजवळ टायर बसलं आणि सकाळचा सगळा कोवळा उजेड पंक्चरवाल्याच्या दारात संपला. मोगराळे घाट, दहिवडी, गोंदवले, काही बघितलं नाही. पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते.

त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हसवडच्या या माण तालुक्याच्या वाट्याला ५००च्या आसपास. भर जुलैत ऊन चटके देत होतं आणि माझ्या ‘एकाकी’ झाडाखाली शंभरभर मेंढरं, दोन माणसं आणि एक घोडं!

मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी घालून गच्च उभी होती, वरून नुसती लोकरीची पाठच दिसावी अशी. बें नाही की काही नाही, फक्त धापा. सावलीची कड जिथं संपत होती, तिथंच कळपही संपत होता. एवढं बघूनही माझ्या डोक्यात एकच, फ्रेम खराब झाली.

घोंगडीवर बसलेल्या धनगराला म्हटलं, “मामा, जरा बाजूला होता का? नुसत्या झाडाचा फोटो हवाय.”

मला वाटलं होतं, झापतील. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले, “हुर्र” केलं आणि अख्खा कळप उन्हात काढला. म्हातारीही उठली, घोड्याचा कासरा धरून. मेंढरं परत सावलीकडे वळायची, मामा काठी आडवी धरायचे. मी लेन्स बदलली, मातीत पालथा झोपलो, ढग सरकायची वाट बघितली. वीस मिनिटं तरी गेली असतील.

“झालं का, पाव्हणं?”

“झालं.”

“मग येऊ का आता आत?”

त्यांच्याच सावलीत यायला ते मला विचारत होते! मी काहीतरी पुटपुटलो. फोटो सुरेख आलाय, हे लिहितानाही कान तापतात.

मग निघावं तर म्हातारीनं फडकं सोडलं. भाकरी, खर्डा, कांदा. “बस की लेकरा, उन्हाचं कुटं निघालास?” रिसॉर्टमध्ये वेलकम ड्रिंक घेऊन उभ्या राहणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आहे, इथं मी दोन भाकरी खाल्ल्या. दिवाळी झाली की ही मंडळी कळप घेऊन खाली कोकणात उतरतात, पावसाच्या तोंडावर परततात.

“येकल्या झाडाचा फोटू कशापायी?” म्हातारीनं विचारलं.

“एकटं आहे म्हणूनच, आजी.”

मामा हसले. “येकलं कुटलं? धा-बारा हुती हितं. इटभट्टीला गेली. ह्येच्या बुडात म्हसोबा हाय, म्हनून ह्ये ऱ्हायलं.” बुंध्यापाशी शेंदूर फासलेला दगड होता. तोही मी फ्रेममधून टाळला होता.

नायजरच्या वाळवंटातलं तेनेरेचं बाभळीच्या जातीचं झाड जगातलं सगळ्यात एकाकी झाड म्हणून मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलोय. आसपास शेकडो किलोमीटर दुसरं झाड नाही, मुळं तीसपस्तीस मीटर खोल पाण्यापर्यंत गेलेली. १९७३ मध्ये एका ट्रकनं ते पाडलं. पण मिठाचे उंटतांडे त्याच्या खुणेनं वाट काढायचे, त्याची फांदीही तोडायचे नाहीत, हा भाग मी कधी सांगितला नव्हता. माझ्या गोष्टीत तो बसत नव्हता.

घरी येऊन त्या रात्रीच फोटो साफसूफ केला आणि मामांच्या पुतण्याच्या नंबरवर पाठवला. दोन दिवसांनी मामांचा आवाज आला: “फोटू झ्याक हाय. पर आमचं मोत्या कुटं गेलं? त्ये तर हाललंच नव्हतं तितनं.”

मूळ फाइल उघडली. मोत्या होता. बुंध्याला पाठ लावून, जीभ बाहेर काढून, थेट माझ्याकडे बघत बसलेला. डाग समजून मीच पुसला होता.