तुम्ही विचारलंत म्हणून: अल्टरनेटरचा बेल्ट काढून पळवू का?

हा प्रश्न मला सारखा येतो आणि विचारणारे बहुतेक रोजच्या वापरातलीच गाडी ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या पाव मैलाच्या शर्यतीच्या ट्रॅकवर) नेणारे असतात. एसी बंद केला, लाइट बंद केले, आता अल्टरनेटरचा बेल्टपण उतरवला तर अजून किती वेळ वाचेल? आणि त्याच्या मागोमाग, पहिली रन (ट्रॅकवरची एक धाव) मस्त जाते पण तिसऱ्या रनला गाडी मंद का होते? हे दोन प्रश्न वेगळे वाटतात पण आहे एकच, कारण गाडी थंड करणारा फॅन करंट खातो, तो करंट अल्टरनेटर बनवतो आणि अल्टरनेटरला फिरवतं इंजिनच.

आधी बेल्टचं सांगतो. नका काढू. हिशोब बघा, अल्टरनेटर १४ व्होल्टला ५० अँपिअर देत असेल तर ते झाले ७०० वॉट, पण त्यातला बराच भाग उष्णतेत जातो म्हणून इंजिनकडून तो साधारण सव्वा किलोवॉट ओढतो, म्हणजे पावणेदोन हॉर्सपॉवरच्या आसपास. शंभर हॉर्सपॉवरच्या गाडीत हे जाणवतं, नाही असं नाही, पण बेल्ट काढलात की सिस्टिमचा व्होल्टेज १४ वरून १२ च्या आसपास येतो आणि तिथून पुढे गडबड सुरू होते. फ्युएल पंप हळू फिरतो, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर उघडायला जास्त वेळ घेतो, इग्निशन कॉइलची ठिणगी कमजोर पडते, आणि हे सगळं नेमकं फुल थ्रॉटलला, जेव्हा इंजिनला सगळ्यात जास्त पेट्रोल हवं असतं. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) काही प्रमाणात सांभाळून घेतो पण पंपच मागे पडला तर मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, नॉकिंग सुरू होतं, म्हणजे आतलं मिश्रण अवेळी धडाधड पेटतं, आणि पिस्टन जातो. शिवाय बऱ्याच गाड्यांमध्ये तोच बेल्ट वॉटर पंपपण फिरवतो.

बेल्ट न काढता तोच फायदा बराचसा मिळतो. रन सुरू होताना बॅटरी पूर्ण भरलेली ठेवा, बस. भरलेल्या बॅटरीला अल्टरनेटर फारसं काही देत नाही त्यामुळे त्याचा भारही कमी असतो. म्हणून दोन रनच्या मध्ये पिटमध्ये (गाडी उभी करायच्या जागेत) बॅटरीचा चार्जर लावा. मला हे इतकं महत्त्वाचं वाटतं की पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर एअर फिल्टरच्या आधी चार्जर घ्या असं मी सांगेन.

आता गरम होण्याचं. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, साध्या गाडीला पंधरा ते अठरा सेकंद लागतात, तेवढ्यात काही इंजिन उकळत नाही, गरम होते ती रांगेत उभं राहून. इंजिन बंद केलं की वॉटर पंप थांबतो, हेडमधली उष्णता तिथल्या तिथेच अडकते आणि काही मिनिटं पाण्याचं तापमान उलट वर चढतं, वरचा इनटेक मॅनिफोल्डपण (इंजिनात हवा नेणारे पाइप) तापतो आणि मग आत जाणारी हवाच गरम. हवा ३० अंशांची ६० झाली तर ती जवळजवळ ९ टक्के विरळ होते, वर ईसीयू नॉकिंगच्या भीतीने टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद घटते, ते वेगळंच. तुमची तिसरी रन मंद होते ती इथे.

म्हणून परतीच्या रस्त्यावर हळू या, केबिनचा हीटर फुल लावा (तोपण एक छोटा रेडिएटरच आहे, घाम येईल पण येऊ दे), टर्बो असेल तर इंजिन लगेच बंद करू नका नाहीतर टर्बोमधलं ऑइल करपतं. पिटमध्ये बॉनेट उघडा, तोंड वाऱ्याकडे, चावी ऑन करून रेडिएटरचा फॅन चालवा, आणि हा फॅन वीसेक अँपिअर सहज खातो म्हणून चार्जर लावलेलाच हवा. एक गोष्ट लोक विसरतात, बेल्टवरचा वॉटर पंप असेल तर फॅनने फक्त रेडिएटरमधलं पाणी थंड होतं, इंजिनमधलं नाही, म्हणून मधेच एखादं मिनिट इंजिन आयडलवर सोडा, थंड पाणी आत जाऊ दे, मग परत बंद. रांगेत पुढे सरकताना शक्य असेल तर गाडी ढकला. बर्फ ठेवायचाच तर मॅनिफोल्डवर किंवा इंटरकूलरवर (टर्बोची हवा थंड करणारा रेडिएटर) ठेवा, आणि वितळलेलं पाणी ट्रॅकवर नेऊ नका, मागच्याच्या जिवाशी खेळ आहे तो.

पण सगळं इंजिनच गार करू नका. थंड ऑइल घट्ट असतं, ताकद खातं आणि बेअरिंगलाही वाईट, आणि पाणी फार थंड असेल तर ईसीयूला वाटतं गाडी अजून वॉर्मअप होतेय म्हणून तो जास्त पेट्रोल टाकतो. हवा थंड, पाणी ८० च्या आसपास, ऑइल गरम, हे हवंय. ब्रॅकेट रेसिंग करणाऱ्यांना तर थंडपणापेक्षा सारखेपणा जास्त कामाचा, कारण तिथे आधी सांगितलेल्या वेळेपेक्षा फास्ट गेलात तरी हरता, तेव्हा साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून दर रनच्या सुरुवातीचं पाण्याचं तापमान, इनटेकचं तापमान आणि व्होल्टेज टाइमस्लिपवर (रननंतर मिळणारी वेळेची चिठ्ठी) लिहीत जा आणि तेच आकडे आले की मगच स्टेज करा, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर गाडी लावा.

आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, कितीही घाई असली तरी.