सॅक मोजू नका, पाय बघा

मिशिगनमध्ये एप्रिल उजाडला की बर्फापेक्षा एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, गप्पा जास्त. बत्तीस संघ, सात फेऱ्या, आणि कॉलेजात फुटबॉल (अमेरिकन, हेल्मेटवाला) गाजवलेली पोरं एकेक करून उचलली जातात. साधारण आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते. 2024 ला हा सोहळा डेट्रॉइटमध्येच झाला, तेव्हा तीन दिवसांत पावणेआठ लाख माणसं लोटली होती.

मला गोडी लागली ती पास रशरची. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक फेकायच्या आत त्याला आडवा पाडणं, हे याचं काम. पाडलं की तो एक ‘सॅक’. मधे क्वार्टरबॅकला राखणारा, दीडशे किलोच्या आसपासचा टॅकल भिंतीसारखा उभा, आणि वेळ मिळतो जेमतेम तीन सेकंद.

आता कॉलेजात ज्याच्या नावावर सॅक जास्त तो भारी, असं कुणालाही वाटेल. पण सॅकचा आकडा बऱ्यापैकी फसवा. एका टोकाने बुमराने सहा चेंडू जखडून ठेवावेत आणि पुढच्या षटकात विकेट भलत्याच्याच नावावर लागावी, तसं इथंही रोज होतं. म्हणून माझा शेजारी सॅक झालेले तुकडे बघतच नाही. फोर्डमधून निवृत्त झालेला माणूस, हातात रिमोट, सॅक न झालेले डाव मागेपुढे करत बसतो. पहिलं पाऊल चेंडू हलताक्षणी पडलं का? टॅकलने छातीवर हात टाकला तर पोराने तो झटकला का? पहिला डाव फसल्यावर दुसरा काही सुचतो का, की नुसताच ढकलत राहतो? आणि वळसा घेताना घोटा, गुडघा वाकवून अंग जमिनीकडे झुकवता येतं का? ताठ पळणारा क्वार्टरबॅकच्या मागून निघून जातो.

संघांकडे याशिवाय इंडियानापोलिसची कंबाइन, म्हणजे ड्राफ्टआधीची शारीरिक चाचणी, असते. तिथं चाळीस यार्डांची धाव, उड्या, 102 किलोची बेंच प्रेस, तीन शंकूंभोवतीची पळापळ आणि चक्क हाताची लांबी. लांब हाताचा गडी टॅकलच्या छातीला आधी भिडतो, हे त्यामागचं गणित.

2022 ला याच मोजमापांवरून आमच्याकडे रणकंदन झालं. एडन हचिन्सन घरचा, प्लिमथचा. वडीलही मिशिगन विद्यापीठाकडूनच खेळलेले. 2021 मध्ये त्याचे 14 सॅक, त्यातले तीन एकट्या ओहायो स्टेटविरुद्ध. तीन शंकूंची पळापळ त्याने 6.73 सेकंदांत संपवली, पण हात 32 इंचांच्या जरा वर. समोर जॉर्जिया विद्यापीठाचा ट्रॅव्हॉन वॉकर: सॅक फक्त सहा, पण 272 पौंडांचा देह 4.51 सेकंदांत चाळीस यार्ड पळालेला, हात साडेपस्तीस इंच. जॅक्सनव्हिलने पहिल्या क्रमांकावर वॉकर घेतला आणि दुसऱ्यावर हचिन्सन डेट्रॉइटला मिळाला. इथं तर दिवाळीच!

पहिल्या वर्षी हचिन्सनचे साडेनऊ सॅक (दोघांनी मिळून पाडलं की अर्धा-अर्धा), वॉकरचे साडेतीन. शेजाऱ्याच्या मिशीला पीळ. मला मात्र वॉकरवर तेव्हाही अन्याय वाटायचा. जॉर्जियात त्याला बरेचदा आतल्या बाजूला उभं करून धावणाऱ्याची वाट अडवायचं काम होतं. सॅक येणार कुठून? 2023 मध्ये त्याने दहा काढले, पुढच्या वर्षी साडेदहा. तरी हचिन्सनच सरस, हे मी मान्य करतो. मुद्दा इतकाच की वॉकरचे सहा आणि हचिन्सनचे चौदा एका तागडीत घालायचे नव्हतेच.

आणि दोघांपेक्षा मला आवडतो तो मॅक्स क्रॉस्बी. अॅन आर्बरला खेटून असलेल्या इप्सिलँटीतल्या ईस्टर्न मिशिगनचा. छोटं कॉलेज, टीव्हीवर फारसं नाव नाही, अंगानेही तसा काटकुळाच. 2019 ला तो 106व्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता. रेडर्स संघाने घेतला आणि पहिल्याच हंगामात पठ्ठ्याने दहा सॅक काढले. त्याला सोडून पुढे गेलेल्यांत डेट्रॉइटही होतं, पण हे शेजाऱ्यासमोर काढायचं नसतं.