260 वॅटचा डबा

ऑफिसने जुने डेस्कटॉप स्टाफला विकायला काढले, तेव्हा मी एक 9,000 रुपयांना उचलला. नामांकित कंपनीचा मिनी टॉवर, त्यात आय5-8500 हा सहा कोअरचा प्रोसेसर, 8 जीबी रॅम आणि 1 टीबीची हार्ड डिस्क. वर 20 इंची मॉनिटर फुकट. एक्सेल उघडायला याहून जास्त काही लागत नाही. पण मला खेळायचा होता रेड डेड रिडेम्प्शन 2 हा घोडेस्वारांचा गेम, आणि या डब्यात गेमची चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्डच नव्हतं. प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सवर जीटीए 5 हा गाड्यांचा गेम सगळी सेटिंग तळाला नेऊन कसाबसा चालायचा. गाडी जोरात हाणली की रस्ता आधी यायचा आणि इमारती मागून उगवायच्या.

आठवडाभर रात्री जागून मी कार्डांचे व्हिडिओ पाहिले. कुठलं कार्ड किती फ्रेम देतं, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढतं, हे तोंडपाठ झालं. ऑफिसातल्या सिस्टिमवाल्या दादांना यादी दाखवली तर त्यांनी ती वाचलीही नाही. "पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे गं? आधी झाकण उघड."

उघडलं. धुळीची गोधडी बाजूला केल्यावर सगळ्या डब्याला वीज पुरवणाऱ्या त्या सप्लायवरचं स्टिकर दिसलं, 260 वॅट. पुढची गंमत अजून वाईट होती. बाजारातल्या सप्लायची मदरबोर्डला लागणारी पिन 24 खिळ्यांची असते. इथे कंपनीने स्वतःची 8 खिळ्यांची पिन दिली होती. सप्लायचा आकारही वेगळाच. म्हणजे 550 वॅटचा नवा आणून टाकू म्हटलं तर तो ना बसणार, ना जुळणार. कन्व्हर्टरच्या वायरी मिळतात, पण ते जुगाड घरात चालू ठेवून झोपायची माझी तयारी नव्हती. कार्डाला वेगळी वीज द्यायला एक सुटी वायरही आत नव्हती.

तिथून माझी यादी उलटी झाली. मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत कार्ड बसतं, त्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून त्याला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात. त्याच्या आत भागवणारी कार्डं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जीटीएक्स 1650 चालली असती, पण 4 जीबी मेमरी आता अपुरी पडते. आरएक्स 6400 फक्त 53 वॅट खातं. मात्र ते स्लॉटच्या चारच लेनवर, म्हणजे माहितीच्या चारच वाटांवर चालतं आणि माझ्या बोर्डाचा स्लॉट जुन्या, हळू अशा तिसऱ्या पिढीचा, तिथे ते लंगडतं. उरलं आरटीएक्स 3050. आणि इथेच फसायला होतं, कारण 3050 नावाची कार्डं दोन आहेत. 2022 मध्ये आलेलं 8 जीबीचं कार्ड 130 वॅटचं, त्याला वेगळी वायर लागते. 2024 च्या फेब्रुवारीत आलेलं 6 जीबीचं कार्ड 70 वॅटचं, स्लॉटच्या विजेवर चालणारं. दोन्हींत फरक नुसता मेमरीचा नाही, 6 जीबीवाल्याची आतली चिपही छाटलेली आहे. तरी नाव तेच. एका आडनावाची दोन बिऱ्हाडं एकाच चाळीत असावीत आणि पोस्टमन रोज चुकावा, तसा प्रकार.

आईच्या शिवणाच्या टेपने डब्यातली जागा मोजली. डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत 21 सेंटिमीटर. म्हणजे एका पंख्याचं आखूड कार्डच हवं.

शनिवारी डोंबिवलीहून दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडचं पाटीवरचं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते नाव सांगून तिथे कुणी पोचल्याचं मी ऐकलेलं नाही. पहिल्या दुकानात प्रश्न आला, "मॅडम, भाई के लिए?" मी म्हटलं, मेरे लिए. मग त्याने 7,000 रुपयांत वापरलेलं आरएक्स 580 पुढे केलं, "डबल पॉवर है." पॉवर होतीच, 185 वॅटची. हे कार्ड माझ्या डब्यात घातलं असतं तर प्रोसेसरने काय खायचं? शिवाय ही जुनी कार्डं क्रिप्टोच्या मायनिंगमध्ये रात्रंदिवस भाजलेलीही असू शकतात. तिसऱ्या दुकानात हवं ते मिळालं. खोक्यावरचं "6 जीबी" दोनदा वाचलं, कार्डाच्या कडेला वायरीचं तोंड नाही ना हे बोट फिरवून पाहिलं, मगच 17,500 रुपये दिले. सोबत 8 जीबी रॅमची आणखी एक कांडी 1,700 ची आणि 500 जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान पट्टी, 3,100 ची. कांडी 3200 च्या वेगाची आहे, पण हा प्रोसेसर तिला 2666 वरच पळवतो. मला फक्त दोन कांड्यांची जोडी हवी होती, जोडीने त्या जास्त वेगाने काम करतात.

घरी आल्यावर एसएसडी खाचेत घातली तर ती दुसऱ्या टोकाने वर उचललेली. तिला दाबून धरणारा स्क्रू कंपनीने दिलेलाच नव्हता! तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू, आणि तिच्यावाचून सगळं अडलेलं. स्टेशनजवळच्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्या मुलाने औषधाच्या डबीतून तसले सात-आठ स्क्रू हातावर ओतले, एक लावून दाखवला, पैसे घेतले नाहीत. डबी मात्र लगेच बंद करून खिशात टाकली.

कार्ड बसवलं. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. दोनदा काढून घातलं, तरी काळीच. घाम कपाळावरून मदरबोर्डवर पडेल म्हणून आईने ओढणी आणून दिली. अर्ध्या तासाने उमगलं की मॉनिटरची व्हीजीए वायर मी सवयीने जुन्या जागी, मदरबोर्डलाच लावली होती. कार्ड दिसताच बोर्डाने आपलं तोंड बंद केलेलं. बरं, कार्डाला व्हीजीएचं जुनं तोंड नाहीच, आणि मॉनिटरला एचडीएमआयचं नवं तोंड नाही. पण मॉनिटरच्या मागे डीव्हीआयचं पांढरं तोंड होतं. एचडीएमआय टू डीव्हीआय वायर, 250 रुपये. चित्र आलं.

विंडोज नव्याने एसएसडीवर टाकलं. गेमच दीडशे जीबीचा, म्हणून हार्ड डिस्क फोटोंपुरती ठेवली.

पहिल्या रात्री वीस मिनिटांत डबा मिक्सरसारखा ओरडू लागला. मला वाटलं, कार्ड तापलं. पण कार्ड 70 अंशांवर निवांत होतं, प्रोसेसर 92 वर. प्रोसेसरवरचं उष्णता ओढून घेणारं हीटसिंक काढलं तर त्याखालची उष्णता पोचवणारी पेस्ट वाळून भिंतीच्या चुन्यासारखी झालेली. स्पिरिटने पुसून नवी लावली, चारही स्क्रू तिरके-तिरके थोडे थोडे आवळले. 74 वर आला, मे महिन्यात, एसीशिवाय. पेस्टचे 200 धरून एकूण 22,750 रुपये झाले, म्हणजे मूळ डब्याच्या अडीचपट. हा हिशोब बाबांना अजून सांगितलेला नाही.

जुन्या मॉनिटरचाही फायदा निघाला. तो 1600 बाय 900 चा, फुल एचडीपेक्षा ठिपके तीस टक्के कमी, त्यामुळे कार्डावर भार हलका. मध्यम सेटिंगवर मोकळ्या माळावर 65-70 फ्रेम मिळतात, गेममधल्या सेंट डेनिस शहरात शिरलं की 50 वर येतात. तिथे प्रोसेसर दमतो आणि त्याला माझ्याकडे उपाय नाही.

परवा रात्री गेममध्ये पाऊस पडत होता, मी झाडाखाली उभी. आई पाण्याचा तांब्या घेऊन आत जाताना थांबली. "त्या घोड्याला आत कुठे बांधता येत नाही का?" म्हणाली, आणि पुढची दहा मिनिटं मी तबेला शोधत होते.